न सरणारं तेल

"चौदा दिवस वहीत लिहा. मुलगी कितीला अंथरुणात गेली, कितीला डोळा लागला, किती वेळा उठली. एवढंच. कोणामुळे, ते लिहायचं नाही. दोघींनीही."

डॉक्टरबाईंनी 'दोघींनीही' म्हणताना चष्म्यावरून आधी स्नेहलकडे पाहिलं होतं आणि मग सुधाबाईंकडे. तो आवाज सुधाबाईंच्या कानातून अजून गेला नव्हता. आज तेरावा दिवस होता, आणि झालेल्या बाराही पानांवर दोघींनी कोणामुळे तेच लिहून ठेवलं होतं.

वही स्नेहलची. सातपूरच्या एका कारखान्यात सुनबाई क्वालिटी विभागात माल तपासायला होत्या, त्यामुळे पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेले. जेवण, मोबाईल बंद, अंथरूण, डोळा लागला, उठली, आणि शेवटचा शेरा. भांडण सगळं त्या शेवटच्या रकान्यात. 'पहाटे चारला आईंची घंटा.' त्याखाली सुधाबाईंचं वळणदार अक्षर: 'घंटा वाजवत नाही. फक्त टाळी. रात्री साडेनऊपर्यंत मुलीच्या उशाशी लॅपटॉप होता.' त्याखाली स्नेहल: 'लॅपटॉप हॉलमध्ये होता.' त्याखाली पुन्हा सुधाबाई: 'हॉल काय मैलभर लांब आहे का.'

मुलगी म्हणजे यशश्री, सात वर्षांची, दुसरीत. दिवाळीपासून तिची झोप उडाली होती. रोज नव्हे, पण एकदा सुरू झालं की आठ-आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. मग वर्गात बाकावर डोकं टेकून घोरायची, पोळीचा घास तोंडात तसाच ठेवून पेंगायची. महिन्यापूर्वी शाळेच्या जिन्यावर उभ्याउभ्या डुलकी लागली आणि पोर चार पायऱ्या खाली आली. हनुवटीला तीन टाके. वही सुरू झाली त्या दिवशी डॉक्टरबाईंकडून आल्यावर स्नेहलने पर्स सोफ्यावर आपटली आणि सांगून टाकलं.

"डॉक्टरांनी चौदा दिवस दिलेत. त्यात फरक पडला नाही, तर मी यशूला नामपूरला आईकडे ठेवते. तिथल्या शाळेत नाव घालते. तिथे कोणी चार वाजता उठून घर जागं करत नाही."

"तुझी मुलगी आहे बाई," सुधाबाई म्हणाल्या. "मी कोण बोलणार?"

सुधाबाईंचा आवाज कधी चढत नसे. जेल रोडच्या त्या सोसायटीत तीस वर्षांत कोणी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. पण 'मी कोण बोलणार' हे तीन शब्द त्या अशा काही हळुवारपणे ठेवायच्या, की ऐकणाऱ्याला टाचणी टोचल्यासारखं व्हावं आणि दाखवायला रक्ताचा थेंबही नसावा. स्नेहल लग्न होऊन आली तेव्हापासून या टाचण्या झेलत होती. ती पलटून ओरडायची, आणि ओरडली म्हणून तीच वाईट ठरायची.

त्यातही ओरडायची सोय तीन आठवड्यांतले दोनच आठवडे. योगेश एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. रात्रपाळी, दुपारपाळी, सकाळपाळी अशी चक्रं. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसभर आतल्या खोलीत झोपलेला असायचा आणि घरातली भांडणं कुजबुजत व्हायची.

"जायफळ उगाळलंत दुधात?" दात आवळून.

"चिमूटभर. तुझ्या नवऱ्याला मी वर्षभर दिलंय."

"डॉक्टर नको म्हणाल्यात ना?"

"डॉक्टर म्हणतील तेच खरं. आम्ही काय, अडाणी."

स्नेहलने ते दूध मोरीत ओतलं, तेही आवाज न करता, धार भांड्याच्या कडेने सोडून. सुधाबाईंनी संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. स्नेहलने कपाळाचा अंगारा ओल्या रुमालाने पुसला. सकाळी यशूच्या उशीच्या अभ्र्यावर तेलाचे डाग निघाले, तेव्हा तो अभ्रा स्नेहलने सासूच्या पुढ्यातच टाकला.

"रात्री माझ्या नकळत पोरीच्या डोक्याला तेल थापता?"

"मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग काय, देवीने थापलं?"

हे बोलणं सुधाबाईंना फार लागलं. कारण देवीची आणि तेलाची गोष्ट त्या घरात थट्टेची नव्हती.

रात्रपाळीच्या दिवसांत सुधाबाई देवघरात अखंड दिवा ठेवायच्या. योगेश रात्री दहाला निघाला की वात मोठी करून, काठोकाठ तेल घालून ठेवायचं, आणि तो सकाळी परत येईपर्यंत दिवा तेवत राहील हे बघायचं. नवऱ्याच्या, खंडेरावांच्या काळापासूनचा नेम. तेही त्याच वीज केंद्रात होते. दिवा चार तासांचा, म्हणून एकच्या सुमारास एकदा उठून तेल घालावं लागे. पण दिवाळीपासून एक नवल चाललं होतं. सुधाबाईंचे गुडघे धरलेले, एकला जाग आलीच तर देवघरापाशी जाऊन बघावं, तर तेल जसंच्या तसं. पहाटे चारला बघावं, तर काठोकाठ.

पहिल्यांदा त्यांना आपल्याच डोळ्यांचा भरवसा वाटला नाही. मग सलग तीन रात्री तसंच झालं, तेव्हा त्या देवघरापुढे बसून रडल्या. एवढी वर्षं केलेल्या नेमाला कोणीतरी मान डोलावली होती. भजनी मंडळात त्यांनी हळूच सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी ते चार इमारतींत पोचवलं. येत्या शुक्रवारी मंडळाच्या बारा-पंधरा बायका त्या दिव्याच्या दर्शनाला यायच्या होत्या.

स्नेहलला ते कळलं, तेव्हा ती गॅलरीत जाऊन आईशी फोनवर अहिराणीत बोलली. आईशी बोलताना ती नेहमीच अहिराणीत शिरायची, सासूला कळू नये म्हणून. "पोर रातभर जपस नई, आन म्हतारीले तिना दिवाच मोठा शे."

सुधाबाईंना अहिराणी येत नव्हती, 'जपस नई' म्हणजे झोपत नाही हेही ठाऊक नव्हतं. पण म्हातारी आणि दिवा हे दोन शब्द कोणत्याही भाषेत कळले असते.

त्या गुरुवारी, तेराव्या दिवशी, दुपारी बारा वाजता सुधाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं आणि वहीशेजारी ठेवलं. आत योगेश झोपलेला, पंख्याची घरघर चालू. गुरुवार एकभुक्त, त्यामुळे स्वयंपाकघरात काम नव्हतं. त्यांना आज पुरावा काढायचा होता. पोर कोणत्या रात्री जागते आणि त्या रात्री सुनेने काय केलेलं असतं, हे तिच्याच वहीतून तिच्यापुढे ठेवायचं. क्वालिटीवाल्या बाईला क्वालिटी दाखवायची.

कॅलेंडरच्या चौकोनांत त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. एकादशी, संकष्टी, दुधाचा नागा, आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात योगेशची पाळी. 'स', 'दु', 'रा'.

पहिले सहा दिवस वहीत डोळा लागल्याच्या वेळा होत्या पावणेदहा, दहा, दहा-पाच. कॅलेंडरमध्ये 'स'. सातव्या दिवसापासून दीड, सव्वादोन, पावणेचार, एकदा नुसतं 'उजाडलं'. कॅलेंडरमध्ये 'रा', 'रा', 'रा'.

सुधाबाईंनी मागचा महिना बघितला. टाके पडले तो दिवस शोधला. 'रा'.

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. म्हणजे पोर बापासाठी झुरते! आई आहे शेजारी, पण आई असून नसल्यासारखी. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. शेऱ्यात काय लिहायचं, तेही तयार होतं: 'वडील घरी नसले की मुलीला एकटं वाटतं. आई जवळ असूनही. कारण ज्याने त्याने ओळखावं.' शाई टेकणार, तोच त्यांची नजर शेजारच्या रकान्यावर गेली.

उठली. पाणी प्यायला, ११.३०. पाणी प्यायला, १२.४५. पाणी, २.००. पाणी, ३.१५.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच.

पाण्याची बाटली तर स्नेहल तिच्या उशाशीच ठेवायची. त्यावरूनही एकदा वाद झाला होता, प्लास्टिकची की तांब्याची. मग पोर उठून कुठे जात होती?

सुधाबाई पेन धरूनच उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याच्या कडेला भिंतीत देवघर. दिवा घासून पुसून पालथा ठेवलेला. खालच्या फळीवर तिळाच्या तेलाची बाटली. तिच्या गळ्याला तेलकट बोटांचे ठसे होते, एकावर एक. बोटं बारीक होती. आणि देवघराखाली यशूचं मोरीतलं निळं स्टूल. दर सकाळी ते तिथे सापडायचं, आणि दर सकाळी सुधाबाई ते उचलून मोरीत ठेवताना मनात म्हणायच्या, काय ही बाई, एक वस्तू जागेवर ठेवत नाही.

त्या स्टुलावरच बसल्या.

एकला शाळेची व्हॅन आली. यशू हात धुऊन ताटावर बसली. डोळ्यांखाली काळं, हनुवटीवर टाक्यांची गुलाबी रेघ. दोन घास झाल्यावर मान कलंडायला लागली.

"यशू," सुधाबाई कुजबुजल्या. आत बाप झोपला होता. "रात्री दिव्यात तेल कोण घालतं गं?"

मान ताठ झाली. "देवी."

"खरं सांग."

"तूच म्हणालीस विमलाआजींना. देवी घालते म्हणून."

"मी तुला विचारतेय."

यशूने वरणातली मिरची ताटाच्या कडेला सारली. "तू रडत होतीस ना देवघरात. खूश होऊन. मग मी नाही सांगितलं."

सुधाबाई तिच्या ताटाजवळ सरकल्या.

"पण तुला घालायला कोणी सांगितलं, बाळा?"

यशूने आश्चर्याने वर पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढं साधं आठवू नये?

"तू. कोजागिरीला तुझे पाय दुखत होते. तू म्हणालीस, दिव्याकडे लक्ष ठेव गं, पप्पा भट्टीपाशी असतात, दिवा चालू आहे तोपर्यंत त्यांना काही होत नाही. मग एकदा दिवा बारीक झालेला. तू पळत आलीस आणि तेल घातलंस. म्हणालीस, बरं झालं वेळेवर बघितलं, नाहीतर." ती थांबली. "मी विचारलं, नाहीतर काय? तू म्हणालीस, काही नाही, झोप."

सुधाबाईंना यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. पण आवाज ओळखीचा होता, आणि तो त्यांचा नव्हता.

नवी नवरी असतानाची गोष्ट. वीज केंद्राच्या वसाहतीतल्या दोन खोल्या, आणि खंडेराव पहिल्यांदा रात्रपाळीला गेलेले. सासूबाई कुसाबाई निफाडकडच्या खेड्यातल्या, अंगाने काटक, जिभेने कडक. त्यांनी दिवा सुनेपुढे सरकवला होता. "माझा पोरगा भट्टीपाशी हाय. त्यो घरला येस्तोवर ह्यो इझू द्यायचा नाय. आता हे तुजं काम." नव्या सुनेने भीत भीत विचारलं होतं, "विझला तर काय होतं?" कुसाबाईंनी नुसतं बघितलं होतं. त्या बघण्याचं उत्तर सुधाबाई अडतीस वर्षं मनातल्या मनात देत आल्या होत्या. एक वाजता उठायचं, चार वाजता उठायचं. लोक त्याला भक्ती म्हणायचे. त्याही म्हणायच्या.

यशू ताटावरच झोपली. सुधाबाईंनी तिचा हात धुतला, तोंड पुसलं आणि तिला सोफ्यावर आडवी केली.

मनात आलं ते काही सगळं चांगलं नव्हतं. बाटली वरच्या फळीवर ठेवली आणि पोरीला 'देवीने आता नको सांगितलंय' म्हटलं, की भागतं. उद्याच्या बायकांना दर्शन होतं. सुनेला कळायचं कारण नाही. परवा पंधरावा दिवस, पोर शांत झोपायला लागलेली असेल, नामपूर टळेल, आणि कोणी विचारलं तर म्हणता येईल, अंगारा लागू पडला. हे सगळं त्यांना अगदी सरळ दिसलं, आणि दिसलं म्हणून स्वतःचीच किळस आली. बाटली उचलली तरी पोरीच्या डोक्यातलं 'नाहीतर' कोण उचलणार? ते तर त्यांनाही अजून उचलता आलेलं नव्हतं.

त्यांनी पेन घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'मुलगी दिव्यात तेल घालायला उठते. तिला मी सांगितलं होतं.'

डॉक्टरबाई कोणामुळे ते लिहू नका म्हणाल्या होत्या. पण हे लिहिल्याशिवाय चालणार नव्हतं.

साडेसहाला स्नेहल आली. चपला काढते न काढते तोच सुधाबाईंनी वही तिच्या हातात दिली. स्नेहलने उभ्याउभ्या वाचलं. परत वाचलं. मग सुधाबाईंनी सगळं सांगितलं, स्टुलापासून कोजागिरीपर्यंत. आवाज नेहमीसारखाच हळू होता, फक्त त्यात टाचणी नव्हती.

"वा," स्नेहल म्हणाली. "वा, आई. मी तीन महिने माझ्या लेकराला घेऊन दवाखाने फिरतेय. रक्त काढलं तिचं. टाके पडले. लोक मला म्हणाले, नोकरी सोड, पोरीकडे बघ. तुम्हीही म्हणालात! आणि तुम्ही काय करत होतात? आरती गात होतात, चमत्कार म्हणून!"

"चुकलं माझं."

"चुकलं? हे चुकणं? सात वर्षांच्या पोरीला तुम्ही रात्रपाळी लावलीत!"

आता आवाज कुजबुजीचा राहिला नव्हता. आतून योगेश उठून आला, खांद्यावर टॉवेल, डोळे अर्धे मिटलेले. "काय झालं? जरा हळू."

"तुम्ही गप्प बसा. गप्प बसूनच इथवर आणलंय तुम्ही."

स्नेहल तडक देवघराशी गेली. दिवेलागण झाली होती, वात नुकतीच पेटवलेली. "हाच ना तो? विषय संपवते." ती वाकली आणि तिने फुंकर मारायला तोंड पुढे केलं.

"मम्मी, नको!"

यशू कधी जागी झाली, कोणाला कळलं नाही. ती आईच्या पोटाला जाऊन अशी भिडली, की स्नेहल ओट्यावर आदळली. दोन्ही तळवे तिने दिव्याभोवती धरले होते, आणि ते पोळले तरी काढेना. सुधाबाईंनीच ते सोडवले.

मग योगेश खाली बसला.

"यशू, इकडे बघ. पप्पा भट्टीपाशी नसतातच. कंट्रोल रूममध्ये असतात. खुर्ची असते, एसी असतो. थंडी वाजते म्हणून स्वेटर नेतो ना मी?"

"अरे, मग हे कधी सांगितलं नाहीस तू?" सुधाबाई म्हणाल्या.

"तू कधी विचारलंस?"

"तुमच्या घरात कोणी कोणाला काही विचारतं का?" स्नेहलने कमरेला लागलेलं चोळत म्हटलं.

यशूला यातलं काही पटलेलं दिसलं नाही. ती आजीकडे बघत होती. "मग तू खोटं बोललीस?"

तिघांनीही सुधाबाईंकडे पाहिलं. जेल रोडवर ज्यांच्या नेमाची बायका शपथ घ्यायच्या, त्या सुधाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"दिवा विझला होता, यशू," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"एकदा तू वर्षाची होतीस तेव्हा. मला झोप लागली. चारला उठले तर अंधार. आणि एकदा गेल्या पावसाळ्यात. मी परत लावला आणि कोणाला सांगितलं नाही. अखंड आहे, अखंड आहे, असंच सांगत राहिले."

स्नेहल हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "म्हणजे तेही खोटंच."

"हो. तेही."

"मग पप्पा आले त्या दिवशी?" यशूने विचारलं.

"आले. जिलेबी घेऊन आले. तुझा पहिला वाढदिवस होता."

योगेशने मान हलवली. "हो गं. पाकाने डिकी भरली होती सगळी."

यशूने विचार केला. दिव्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं. "आज विझला तरी येतील?"

"येतील."

"तुला काय माहीत?"

या प्रश्नाला 'देवी आहे ना' हे उत्तर सुधाबाईंच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "मला माहीत नाही. मी जाऊन बघते. झोपायच्या आधी आपण दोघी दिवा शांत करू. पहाटे मी एकलहऱ्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. पप्पा बाहेर आले की त्यांच्याच गाडीवर बसून येते. तू डोळे उघडशील तेव्हा ते तुझ्या उशाशी असतील."

"तू तर पूजा झाल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीस."

"उद्या ओलांडीन."

"शप्पथ?"

"शब्द देते. शपथेपेक्षा पक्का."

योगेश काहीतरी म्हणणार होता, आई, एवढ्या थंडीत कशाला, मी फोन करतो ना. स्नेहलने त्याच्याकडे असं बघितलं, की तो आंघोळीला निघून गेला.

"उद्या दुपारी तुमच्या बायका येतायत," स्नेहल म्हणाली. "त्यांना काय दाखवणार?"

"त्यांना जे झालं ते सांगेन."

"विमलाबाईंना? बघूच." तिने वही उचलली. "आणि एक लक्षात ठेवा. नामपूरचं मी रद्द केलेलं नाही. चौदा म्हटलेत, उद्या चौदा होतायत. एका रात्रीच्या नाटकाने मी विरघळणार नाही."

"नको विरघळूस," सुधाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं म्हणायचं होतं.

साडेनऊला आजी-नात देवघरापुढे उभ्या राहिल्या. योगेश निघायच्या तयारीत शेजारी उभा होता, हातात हेल्मेट. सुधाबाईंनी झेंडूचं फूल पाण्यात बुडवलं आणि यशूच्या हातात दिलं. यशूने ते परत त्यांच्याच हातात दिलं. सुधाबाईंनी डोळे मिटले नाहीत. वातीवर फूल टेकवलं. चर्र झालं, धुराची एक बारीक रेघ वर गेली, आणि घरातला तो कोपरा काळा झाला.

"येतो मी," योगेश म्हणाला. नेहमी तो 'जातो' म्हणायचा आणि नेहमी बोलणी खायचा.

सुधाबाईंना झोप लागली नाही. लागणार नव्हतीच. अंधाऱ्या देवघराकडे पाठ करून त्या पडून राहिल्या. बाहेर एखादी गाडी थांबली की उशीवरून मान उचलून ऐकायच्या. कुसाबाई डोळ्यांसमोर उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. त्यांनी कुसाबाईंना पहिल्यांदाच उलट विचारलं, तुम्हाला तरी कोणी सांगितलं होतं?

साडेपाचला त्या उठल्या, आंघोळ केली, स्वेटरवर शाल घेतली. जेवणाच्या टेबलावर वही उघडी होती. स्नेहलचं अक्षर, निळ्या पेनाने:

'अंथरूण ९.४०. डोळा लागला १०.३५. उठली १.१०, देवघरापर्यंत गेली, अंधार बघून परत आली, माझा हात धरून पडली. झोपली १.५०.'

शेऱ्याचा रकाना कोरा होता.

सुधाबाईंनी चपला हातात घेतल्या. देवघरावरून जाताना हात जोडायला वर आले, ते त्यांनी मध्येच थांबवले, परत आल्यावर म्हणून. कडी काढताना मागे चाहूल लागली. स्वयंपाकघराच्या दारात स्नेहल उभी होती, केस विस्कटलेले, अंगावर योगेशचं जॅकेट.

"रिक्षा सांगितलीय खाली," ती कुजबुजली. "चालत जाऊ नका. थंडीत पडलात, तर तेही माझ्याच नावावर लिहाल."

'मी कोण लिहिणार' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. सुधाबाईंनी ते तिथेच ठेवले आणि नुसती मान हलवली.

"उठली तर काय सांगू तिला?"

"सांग, आजी फाटकाशी गेली."

त्यांनी दार ओढून घेतलं, कडीचा आवाज होऊ नये म्हणून बोट मध्ये धरून. मग चपला हातातच ठेवून, थंडगार फरशीवर अनवाणी, एक-एक पायरी उतरत त्या खाली निघाल्या.